महिला एमएमएचे वजनगट आणि कॅलिफोर्नियाचा व्यावसायिक परवाना : पात्रता, कागदपत्रे व अर्जाची पद्धत

कॅलिफोर्नियात एमएमएची (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीचे डाव एकत्र चालणारा लढतीचा खेळ) व्यावसायिक लढत खेळण्यासाठी कॅलिफोर्निया स्टेट अ‍ॅथलेटिक कमिशनचा परवाना लागतो, मग लढत यूएफसी या एमएमएतल्या सर्वांत मोठ्या आयोजक कंपनीची असो वा एखाद्या लहान आयोजकाची. अर्जदाराचे वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते. परवाना हे एक कागदपत्र असले, तरी अर्जातला सर्वांत जड प्रश्न एकच असतो, तो म्हणजे कोणत्या वजनगटात खेळणार. कुस्तीतून एमएमएकडे वळू पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुली नेमक्या याच प्रश्नाला घाईने उत्तर देतात, म्हणून येथे त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

अमेरिकेतील बहुतेक राज्ये ज्या एकसमान नियमावलीनुसार लढती घेतात, तिच्यात वजन पौंडांत मोजले जाते. महिलांच्या लढती प्रामुख्याने ज्या गटांत होतात, त्यांपैकी स्ट्रॉवेटची कमाल मर्यादा ११५ पौंड, म्हणजे ५२.२ किलो आहे. त्यावर फ्लायवेट १२५ पौंडांचा (५६.७ किलो), बँटमवेट १३५ पौंडांचा (६१.२ किलो) आणि फेदरवेट १४५ पौंडांचा (६५.८ किलो) असतो. काही स्पर्धांत १०५ पौंडांचा, म्हणजे ४७.६ किलोंचा अ‍ॅटमवेट गटही असतो. मात्र केवळ नावावर विसंबू नये. कुस्तीतून एमएमएत गेलेली रितू फोगट ज्या वन चॅम्पियनशिप या आशियाई आयोजकाच्या स्पर्धेत खेळली, तेथे अ‍ॅटमवेटची कमाल मर्यादा ५२.२ किलो आहे, म्हणजे यूएफसीचे स्ट्रॉवेट ते तेथील अ‍ॅटमवेट. अर्जात आणि करारात गटाच्या नावाशेजारी पौंडांचा आकडा लिहिलेला आहे ना, हे पाहूनच सही करावी.

दोन गटांमधले हे १० पौंडांचे अंतर कागदावर किरकोळ वाटते. ५२ किलोंच्या मुलीसाठी ते तिच्या वजनाच्या जवळजवळ नऊ टक्के असते. आंतरराष्ट्रीय कुस्तीत महिलांचे ५०, ५३, ५५, ५७, ५९, ६२ असे जवळजवळचे गट असल्यामुळे एका गटातून दुसऱ्यात जाणे दोन-तीन किलोंचे काम असते. ५३ किलो गटातली कुस्तीगीर एमएमएत आली की स्ट्रॉवेटच्या मर्यादेहून जेमतेम ८०० ग्रॅम वर असते आणि खालचा गट तिला सोपा वाटतो, परंतु ५३ किलो हे तिचे काट्यावरचे वजन असते, सरावाच्या दिवसांतले नव्हे. पुढे गट उपलब्ध असणे हाही प्रश्न आहेच. यूएफसीने महिलांचा बँटमवेट गट २०१३ मध्ये, स्ट्रॉवेट २०१४ मध्ये, तर फेदरवेट व फ्लायवेट २०१७ मध्ये सुरू केले. फेदरवेटची विजेती अमांडा नुनेस २०२३ मध्ये निवृत्त झाल्यानंतर फेदरवेट गट बंद झाला. ज्युदोत ७८ किलो गटात दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेली आणि एमएमएत १५५ पौंडांच्या गटात खेळलेली अमेरिकेची केयला हॅरिसन एप्रिल २०२४ मध्ये यूएफसीत आली, तेव्हा तिला १३५ पौंडांवर यावे लागले. तिला ते जमले. प्रत्येकीने तसे करून पाहावे, असे मला मुळीच वाटत नाही.

याच धोक्यामुळे कमिशनने मे २०१७ मध्ये वजन उतरवण्याविषयीचा दहा कलमी आराखडा मंजूर केला. त्यानुसार परवान्याचा अर्ज वजनगटाशी जोडला गेला. आपल्याला वैद्यकीयदृष्ट्या झेपेल असा सर्वांत खालचा गट खेळाडूने नमूद करायचा असतो आणि त्याला डॉक्टरांची संमती लागते. अर्जात शरीरातील पाणी कमी करून वजन उतरवण्यासंबंधी प्रश्न असतात. त्यांची उत्तरे खरी लिहावीत, कारण पुढची तपासणी त्यांच्याशी ताडून पाहता येते. वजन दिल्यानंतर लढतीच्या दिवशी पुन्हा वजन घेतले जाऊ शकते. ते १० टक्क्यांहून अधिक वाढलेले आढळल्यास वरच्या गटात जाण्याची शिफारस होते, आणि वाढ १५ टक्क्यांच्या पुढे गेल्यास लढत रद्द होऊ शकते. स्ट्रॉवेटला ५२.२ किलो देणाऱ्या मुलीसाठी पहिली रेषा साधारण ५७.४ किलोंवर आणि दुसरी ६० किलोंवर येते. हे आकडे आपल्या रोजच्या वजनाशेजारी लिहून ठेवले, तर कोणता गट आपला, याचा उलगडा बहुतेक वेळा तेथेच होतो. पाळीपूर्वी काही जणींच्या अंगात पाणी साठून वजन वाढते, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.

कागदपत्रांमध्ये भरलेला अर्ज व शुल्क, वय आणि ओळख सिद्ध करणारे छायाचित्रासह ओळखपत्र, शारीरिक तपासणीचा अहवाल, मज्जासंस्थेची तपासणी, बाहुल्या रुंदावून केलेली डोळ्यांची तपासणी आणि रक्ताचे अहवाल लागतात. रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व हिपॅटायटिस सी नसल्याचे दाखवावे लागते. महिला खेळाडूंना गर्भधारणा नसल्याचा चाचणी अहवालही द्यावा लागतो. लढतींची अधिकृत नोंद ज्या क्रमांकाखाली राहते, ते राष्ट्रीय एमएमए ओळखपत्रही काढावे लागते. भारतातून जाणाऱ्या खेळाडूला यांखेरीज खेळाडूंसाठीचा पी-१ए व्हिसा हवा. त्याची याचिका अमेरिकेतील आयोजक किंवा एजंट आय-१२९ अर्जाद्वारे करतो, खेळाडू स्वतः करू शकत नाही.

वजन सहसा लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी घेतले जाते. जास्तीचे कपडे काढावे लागले, तर दोघी-तिघी टॉवेल धरून आडोसा करतात आणि आत खेळाडू हात मोकळे सोडून काट्यावर स्थिर उभी राहते; हाताला टॉवेलचा आधार मिळाला की काटा खोटे बोलतो, म्हणून अधिकारी तिच्या हातांकडेही पाहत असतो. किताबी लढत नसेल, तर एक पौंडाची सूट मिळते, म्हणजे स्ट्रॉवेटला ११६ पौंड चालतात. किताबी लढतीत ११५ म्हणजे ११५. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगट १०० ग्रॅमसाठी अंतिम कुस्तीपूर्वी अपात्र ठरली, तसे येथे सहसा होत नाही. प्रतिस्पर्धी आणि कमिशन तयार असतील, तर लढत होते, पण जादा वजनाच्या खेळाडूच्या मानधनाचा काही भाग कापला जातो. वजन उतरवण्यासाठी लघवी वाढवणारी औषधे घेणे आणि नंतर वैद्यकीय सवलतीशिवाय १२ तासांत १०० मिलिलिटरहून अधिक सलाइन घेणे, या दोन्ही गोष्टी जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहेत.

तपासण्यांचा क्रम ठरवताना एक काळजी घ्यावी. एचआयव्ही व हिपॅटायटिस बीची चाचणी कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे अर्जापूर्वीच्या ३० दिवसांतली आणि अमेरिकेतील प्रमाणित प्रयोगशाळेची लागते. पुण्यातून किंवा कोल्हापुरातून निघणाऱ्या मुलीने डोळ्यांच्या व इतर तपासण्यांचे कोणते अहवाल येथून नेलेले चालतील, हे आयोजकामार्फत कमिशनला आधी लेखी विचारावे, आणि रक्ततपासणीसाठी तेथे पोहोचल्यावर काही दिवस हाताशी राहतील असे तिकीट काढावे.