'गॉस्पेल' हा शब्द नेमका कोणत्या गीतांचा?

'गॉस्पेल' म्हटले की आज मराठी श्रोत्याच्या डोळ्यांसमोर लांब झगे घातलेला, टाळ्यांच्या ठेक्यावर डोलणारा कृष्णवर्णीय अमेरिकी गायकवृंद उभा राहतो. १८७०च्या दशकात मात्र हाच शब्द गोऱ्या प्रॉटेस्टंट सुवार्तिकांच्या उज्जीवन सभांत, म्हणजे श्रद्धा नव्याने जागवण्यासाठी भरवलेल्या सभांत, गायल्या जाणाऱ्या गीतांसाठी रूढ झाला. अमेरिकी उज्जीवन चळवळीच्या संगीताविषयी वाचताना होणारा बराचसा गोंधळ या एका शब्दातून निघतो.

१८०१च्या सुमारास केंटकीत भरलेल्या तंबूसभांमध्ये साधी, पुनरावृत्तीची ध्रुवपदे म्हटली जात आणि यादवी युद्धापूर्वीच रविवारच्या शाळांतील मुलांसाठी सोप्या चालींची पुस्तके निघू लागली होती. पुढच्या गीतांना घाट मिळाला तो या दोन परंपरांतून. त्यांना धंद्याचे आणि चळवळीचे बळ लाभले ते मूडी हा अमेरिकी सुवार्तिक आणि सँकी हा त्याचा गायक, या जोडीमुळे. दोघांची भेट १८७०मध्ये इंडियानापोलिस येथे झाली. त्या वेळी सँकी सरकारी करखात्यात नोकरीला होता. १८७३मध्ये ते ब्रिटनला गेले तेव्हा मूडी उपदेश करी आणि सँकी छोट्या पायपेटीवर एकट्याने गाई. आपल्याकडे कीर्तनकार निरूपण आणि गायन दोन्ही सांभाळतो; येथे ती कामे दोघांत वाटली गेली होती, आणि वर्तमानपत्रे दोघांची नावे जोडीनेच छापत. वाद्याविना छंदोबद्ध स्तोत्रे गाणाऱ्या स्कॉटलंडमधील प्रेसबिटेरियनांना पायपेटी प्रथम खटकली. त्याच देशात, एडिंबरा येथील सभेत, रेल्वेप्रवासात वर्तमानपत्रातून कापून घेतलेल्या एका दिवंगत स्कॉटिश कवयित्रीच्या कवितेला सँकीने पेटीवर बसल्या बसल्या चाल लावली, असे त्याने स्वतः नमूद केले आहे.

शब्दाचा गुंता सुरू होतो तो त्यांच्या परतीनंतर. सिनसिनाटीच्या एका प्रकाशकाने १८७४मध्ये दुसऱ्या एका गायक-सुवार्तिकाचे 'गॉस्पेल साँग्ज' हे पुस्तक काढले होते. सँकीचा ब्रिटनमधील संग्रह 'सेक्रेड साँग्ज अँड सोलोज' या नावाने खपत होता. १८७५मध्ये या दोन गायकांचे साहित्य एकत्र करताना नाव दिले गेले 'गॉस्पेल हिम्स अँड सेक्रेड साँग्ज'. शीर्षकात दोन विशेषणे आहेत आणि दोन नामेही आहेत, त्यामुळे कोणते गीत 'हिम' आणि कोणते 'साँग' याचा उलगडा त्यावरून होत नाही. जुन्या अर्थाने 'हिम' म्हणजे देवाला उद्देशून केलेली स्तुती, म्हणजे आपले स्तोत्र. नव्या गीतांत मात्र गाणारा बहुधा समोरच्या माणसाशी बोलतो, स्वतःची साक्ष देतो, 'ये' म्हणून हाक मारतो, आणि प्रत्येक कडव्यानंतर येणारे ध्रुवपद पहिल्यांदाच आलेल्या श्रोत्यालाही सभा संपेपर्यंत पाठ होते. माझ्या मते भेद चालीत नसून या संबोधनात आहे. चर्चच्या जाणकार संगीतकारांनी या चालींना बाजारू ठरवले, आणि ते अगदीच चूक नव्हते. पण हजारोंच्या सभेला एका सुरात आणण्याचे जे काम त्या चालींनी केले, त्याकडे त्यांनी डोळेझाक केली.

'गॉस्पेल हिम्स'ची पुढे मालिकाच झाली; तिचे सहावे पुस्तक १८९१मध्ये निघाले आणि त्यानंतरच्या एकत्रित आवृत्तीत ७३९ गीते होती. सभा पैशासाठी भरवतात, असा आरोप होऊ लागल्यावर मूडी आणि सँकी यांनी पुस्तकांच्या मानधनावरचा हक्क विश्वस्तांकडे सोपवला आणि त्या रकमेचा मोठा वाटा मूडीच्या गावच्या, नॉर्थफील्ड परिसरातील, शाळांना मिळाला. ज्यांच्या शब्दांवर हे सारे उभे होते, त्यांच्या हाती मात्र फारसे काही आले नाही. आठ हजारांहून अधिक गीते लिहिणाऱ्या न्यू यॉर्कच्या एका अंध कवयित्रीला प्रत्येक गीतामागे साधारण एक-दोन डॉलर मिळत. पुस्तकभर एकच नाव दिसू नये म्हणून तिची गीते अनेक टोपणनावांनी छापली जात.

दक्षिणेकडील सभांत काळ्या श्रोत्यांना वेगळे बसवले जाई, तरी गीते ही सीमा ओलांडत राहिली. फिलाडेल्फियातील एका कृष्णवर्णीय मेथडिस्ट पाळकाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्वतःची गीते छापली. १९२१मध्ये कृष्णवर्णीय बाप्टिस्टांच्या एका संस्थेने 'गॉस्पेल पर्ल्स' हा संग्रह काढला आणि त्यात ती गीते, गुलामीच्या काळातील आध्यात्मिक गाणी आणि गोऱ्या लेखकांची उज्जीवनगीते एकाच जिल्दीत आली. म्हणजे 'गॉस्पेल' हा शब्द काळ्या चर्चमध्ये १९३०च्या दशकात शिकागोत प्रथम उगवला, ही समजूत टिकत नाही. शिकागोत ब्लूज हे काळ्यांचे लौकिक संगीत वाजवणाऱ्या एका पियानोवादकाने या गीतांना नवा ठेका दिला, हे मात्र खरे. १९३२मध्ये बाळंतपणात पत्नी आणि पाठोपाठ नवजात मूल गमावल्यावर त्याने रचलेले सर्वांत प्रसिद्ध गीत एकोणिसाव्या शतकातील एका जुन्या स्तोत्राच्या चालीवरून घेतलेले आहे.

दरम्यान गोऱ्या सभांमध्ये ट्रॉम्बोन वाजवत गायकवृंद हाकणारा संगीतप्रमुख आला. १९१०पासून तो बिली संडे या सुवार्तिकाबरोबर होता आणि त्याने स्वतःची प्रकाशनसंस्थाही चालवली, म्हणजे गाणारा, निवडणारा आणि विकणारा एकच झाला. पुढे ध्वनिमुद्रिकांच्या बाजाराने हे वर्गीकरण आपल्या हाती घेतले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस देशातील प्रमुख संगीत पुरस्कारांत 'सेक्रेड', 'गॉस्पेल' आणि 'सोल गॉस्पेल' असे वेगवेगळे गट होते. 'सोल' हे विशेषण काळ्या गायकांच्या वाट्याला आले आणि नुसते 'गॉस्पेल' मुख्यतः गोऱ्या गायकांच्या चौघा-चौघांच्या संचांकडे राहिले.