दूध तोडणे (खानदेश)

दूध तोडणे म्हणजे वासराला आईच्या दुधावरून चाऱ्यावर आणणे. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांत हे काम वासराच्या वयाइतकेच गवताच्या हंगामावर ठरते. निदान ठरायला हवे.

मांसासाठी गायी पाळणाऱ्या थंड देशांत उन्हाळा हाच गवताचा हंगाम असतो. कुरणाचे कप्पे पाडून ते पाळीपाळीने चारतात. गाय-वासरू सोबत हिंडते आणि सहा-आठ महिन्यांचे वासरू हिवाळ्याच्या तोंडावर तोडतात. तोच हिशोब घेऊन कोणी वैशाखात शिंदखेड्याच्या माळावर गेला, तर त्याला दगड आणि पायाला टोचणारी कुसळेच सापडतील. खानदेशातला गवताचा हंगाम श्रावण ते दिवाळी. शिवाय महाराष्ट्रात गायीपाठोपाठ 2015 पासून बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी असल्याने मांसासाठी पाळलेला गायींचा कळप इथे नसतो. गोऱ्हा जोतास येईल का आणि कालवड वेळेवर गाभण राहील का, यावरच वासराची किंमत ठरते. गावरान, निमाडी आणि तापीकाठची थिल्लारी (खिल्लारचीच एक शाखा) या जनावरांना हे विशेष लागू आहे.

माळावरच्या गवतांत मारवेल, पवना आणि शेडा ही गोडी गवते. मोकाट चराईत गुरे आधी हीच खातात, म्हणून कुसळी माजते. कुसळीच्या बीला पीळ असलेले लांब कुसळ असते. ओल लागली की ते स्वतःभोवती फिरते आणि मातीत, मेंढीच्या लोकरीत किंवा वासराच्या हिरडीत शिरते. चारा पुढ्यात असून वासरू लाळ गाळत उभे राहिले, तर आधी त्याचे तोंड उघडून पाहावे. गवत फुलोऱ्यात असताना कापले तर कुसळाचा त्रास टळतो आणि कसही टिकतो. अडचण अशी, की तेव्हा भाद्रपद-आश्विनाचा पाऊस डोक्यावर असतो आणि कापलेले गवत काळे पडते. म्हणून बहुतेक लोक दिवाळीनंतर कापतात. तोवर गंजी (वाळल्या गवताची रास) मोठी होते, पण तिच्यात काडीच जास्त. चार दिवसांची उघडीप साधून निदान वासरांपुरते गवत आधी कापून घेणे, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. धुळे तालुक्यातल्या लामकानीत डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी झाली, आणि उघड्या डोंगरावर गवत परतले.

नवजात वासराच्या पोटात चौथा कप्पा सर्वांत मोठा असतो, कारण दूध तिथेच पचते. चारा पचवणारा पहिला कप्पा वाढतो तो चारा तोंडात पडू लागल्यावर. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कोवळे वाळलेले गवत आणि मूठभर भरडा पुढ्यात ठेवावा. सरकीची ढेप खानदेशात घरोघरी मिळते, पण तिच्यातले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लहान वासरांना बाधते. ढेप गायीला ठेवावी, वासराला शेंगदाण्याची पेंड बरी.

तोडण्याची जुनी रीत म्हणजे काटेरी मुसके. बाभळीचे काटे बाहेर येतील असे मुसके वासराच्या तोंडाला बांधतात. ते कासेला तोंड लावायला गेले की गायीला काटा बोचतो आणि ती लाथ झाडते. वासराची दुधाची सवय सुटते, पण त्याला गवतही धड खाता येत नाही. त्यापेक्षा गाय आणि वासरू मधे बल्ल्यांचे कुंपण घालून समोरासमोर बांधणे चांगले. नाकाला नाक लागते, कास लागत नाही. तीन-चार रात्री दोन्हीकडून हंबरडे फुटतात, शेजारी बोलून घेतात आणि मग सगळे शांत होते. गावरान गाय वासराशिवाय पान्हा सोडत नाही, म्हणून धारेच्या गायीचे वासरू पूर्ण तोडण्याची घाई कोणी करत नाही.

श्रावणात फळलेली गाय वैशाख-ज्येष्ठात विते. तिचे वासरू मार्गशीर्ष-पौषात सात-आठ महिन्यांचे होते. थंडी असते, गंजी भरलेली असते आणि पुढे दादर ज्वारीचा कडबा यायचा असतो. तोडायला याहून चांगली वेळ नाही. उलट दिवाळीच्या आसपास जन्मलेले वासरू सहा महिन्यांचे होते ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सालदाराचे (वर्षाच्या करारावरच्या शेतगड्याचे) वर्ष तेव्हा बदलते, गंजी तळाला गेलेली असते आणि भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो. अशा वासराला पावसाळ्यातले गवत येईपर्यंत एका सडाचे का होईना दूध चालू ठेवावे.

तोडलेल्या वासराला उन्हाळ्यात निंबाची सावली आणि दिवसभर पाणी हवे. कुट्टी (बारीक कापलेला चारा) सूर्य कलल्यावर टाकावी. चारा पचताना अंगात उष्णता वाढते, म्हणून भर दुपारी टाकलेली कुट्टी तशीच पडून राहते. कडबा सकस करण्यासाठी 100 किलोला 4 किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि 21 दिवस हवाबंद झाकून ठेवतात. हा चारा सहा महिन्यांखालच्या वासराला देऊ नये. ज्वारीच्या खोडव्याला फुटलेले कोवळे कोंब तर कोणत्याच जनावराला चारू नयेत. किराळ (या कोंबांतल्या विषाची बाधा) लागली की जनावर तासाभरातही दगावू शकते.

मृगाआधी फऱ्याची लस टोचून घ्यावी. हा रोग सहा महिने ते दोन वर्षांच्या, त्यातही अंगाने भरलेल्या जनावरांना गाठतो. मांडीवर सूज येते आणि दाबली की करकर वाजते.