शिकारीची रायफल पक्षाची खूण कशी झाली

अमेरिकेत एखाद्याच्या घरी बंदूक आहे एवढं कळलं, तरी तो मत कुणाला देत असेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत रिपब्लिकन पक्षाकडे कल असलेल्यांपैकी ४५ टक्के लोकांनी स्वतःची बंदूक असल्याचं सांगितलं. डेमोक्रॅटिक बाजूला हे प्रमाण २० टक्के होतं. ही दरी राज्यघटनेइतकी जुनी आहे असा समज आपल्याकडेही दिसतो. तो खरा नाही.

१७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती म्हणजे एकच वाक्य. त्याची सुरुवात शिस्तबद्ध नागरी सेनेच्या गरजेपासून होते आणि शेवट शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर. त्यातल्या कुठल्या भागावर जोर द्यायचा, यावर आज निवडणुका लढवल्या जातात. पण आज बंदूकधारकांची बाजू लढवणारी नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे एनआरए, १८७१ मध्ये स्थापन झाली ती यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांची नेमबाजी फार कच्ची दिसली म्हणून. १९३४ मध्ये मशीनगनवर कर आणि नोंदणी लादणारा कायदा येत होता, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी संसदीय समितीपुढे सांगितलं की लोकांनी सरसकट बंदुका घेऊन फिरणं आपल्याला मान्य नाही. त्याच काळात संस्थेचं मासिक मात्र सभासदांना खासदारांना पत्रं लिहायला सांगत होतं. बंदूकधारक म्हणजे कायदा पाळणारा, देशावर प्रेम करणारा सज्जन नागरिक, हे चित्र त्याच पानांतून ठसत गेलं. माझ्या मते या ओळखीचं बी तिथे पडलं.

या चित्रात कोण बसतं, हा प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. गुलामगिरी संपताच १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली. १८९२ मध्ये, झुंडबळींच्या काळात, पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी प्रत्येक कृष्णवर्णीय घरात विंचेस्टर रायफलला मानाची जागा हवी, असं लिहिलं. आणि २ मे १९६७ रोजी कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे तीसेक कार्यकर्ते भरलेल्या बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. बंदुका उघड बाळगणं तेव्हा कायदेशीर होतं. ज्या विधेयकाच्या विरोधात ते आले होते, ते झटपट मंजूर झालं आणि भरलेली बंदूक घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरण्यावर बंदी आली. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रिपब्लिकन पक्षाचे रोनाल्ड रेगन.

पुढच्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि १९६८ चा केंद्रीय कायदा आला. टपालाने बंदुका मागवणं जवळपास बंद झालं. एनआरएचे पदाधिकारी फारसे झगडले नाहीत. त्यांना मुख्यालय वॉशिंग्टनमधून कोलोरॅडोला हलवून शिकार आणि निसर्गसंवर्धनावर भर द्यायचा होता. सभासदांमधल्या कडव्या गटाला ही माघार वाटली. मे १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत हे बंडखोर शिकाऱ्यांच्या भगभगीत केशरी टोप्या घालून आले, वॉकीटॉकीवर एकमेकांना निरोप देत राहिले आणि उत्तररात्रीपर्यंत एकेक ठराव लढवून त्यांनी जुनं नेतृत्व उलथवलं. सूत्रं हार्लन कार्टर यांच्याकडे आली. नेमबाजांची संघटना त्या रात्री राजकीय संघटना झाली. तीनच वर्षांनी, १९८० मध्ये, तिने प्रथमच राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला पाठिंबा दिला. उमेदवार होते तेच रेगन.

दोन्ही पक्षांत तेव्हा शिकारी होते. दक्षिणेतला, खेड्यातला गोरा मतदार रिपब्लिकन पक्षाकडे सरकत गेला, तशी बंदूकही त्याच्याबरोबर गेली. १९९४ मध्ये काही निमस्वयंचलित बंदुकांवर दहा वर्षांची बंदी आली. तिला साथ देणारे प्रतिनिधिगृहाचे डेमोक्रॅटिक सभापती टॉम फोली यांच्यामागे पूर्वी एनआरए उभी असे. त्या वर्षी ती विरोधात गेली आणि ते स्वतःच्याच मतदारसंघात हरले. तो पराभव दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवला.

बंदूक ठेवण्याचं कारणही बदललं. १९९९ मध्ये जवळपास निम्मे मालक शिकारीचं नाव घेत, आज बहुतेक जण स्वसंरक्षणाचं घेतात. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ अशा निकालाने शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, नागरी सेनेशी बांधलेला नाही, असं ठरवलं. २०१७ च्या प्यू पाहणीत निम्म्या बंदूकधारकांनी बंदूक हा आपल्या ओळखीचा महत्त्वाचा भाग असल्याचं सांगितलं. अशा माणसाला नोंदणीचा साधा नियमही स्वतःवरचा अविश्वास वाटतो. ती भावना खरी असते. मुलं गमावलेल्या आईबापांचा आक्रोशही तितकाच खरा असतो.

२३ जून २०२२ ला या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी दिसल्या. न्यायालयाने घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला, आणि त्याच रात्री, टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर महिन्याभराने, सिनेटमध्ये १५ रिपब्लिकन सदस्यांनी बंदूक खरेदीच्या तपासण्या कडक करणाऱ्या विधेयकाच्या बाजूने मत दिलं.