आरएम मारले तरी डिस्क भरलेलीच

फाइल उडवली की जागा सुटते, असा बहुतेकांचा समज असतो. पर्वरीतल्या एखाद्या कार्यालयात युनिक्स सर्व्हर सांभाळणारा माणूस ४० जीबीची लॉग (नोंदींची) फाइल ‘आरएम’ या फाइल उडवणाऱ्या आज्ञेने काढतो आणि डिस्कवरची मोकळी जागा सांगणारे ‘डीएफ’ चालवून बघतो, तर डिस्क अजून १०० टक्के भरलेली. फाइलींनी व्यापलेली जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज मात्र कितीतरी कमी. शेवटी कोणीतरी मशीन रीबूट करतो, जागा सुटते आणि ‘रीबूट केल्याशिवाय सर्व्हर ऐकत नाही’ ही श्रद्धा पक्की होते. दसऱ्याला सर्व्हरला झेंडूची माळ जरूर घाला, पण गाऱ्हाणे घालण्यापूर्वी आत काय झाले ते तरी बघा.

युनिक्समध्ये फाइलचे नाव फाइलीत नसतेच. फाइल म्हणजे आयनोड. एक क्रमांक आणि त्यामागची नोंद: आकार, मालक, परवानग्या, वेळा, मजकूर डिस्कच्या कुठल्या ब्लॉकांत (तुकड्यांत) आहे त्याचे पत्ते. डिरेक्टरी ही नुसती यादी, नाव आणि त्यापुढे आयनोड क्रमांक. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ही ओळ १६ बाइटांची होती. २ बाइट क्रमांकाला, १४ नावाला. गावात एखाद्या कुळागराला कोणी काहीही म्हणो, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर सर्व्हे नंबर एकच, तसेच हे. फाइलींची यादी दाखवणारे ‘एलएस -एलआय’ केले की पहिल्या रकान्यात हा क्रमांक दिसतो आणि परवानग्यांच्या पुढे लिंक संख्या, म्हणजे त्या आयनोडला किती नावे आहेत ते. ‘एलएन’ने दुसरे नाव दिले की ती २ होते.

‘आरएम’ आतून अनलिंक() हा सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेली मागणी) करते. तो यादीतले नाव खोडतो आणि लिंक संख्या १ ने कमी करतो, एवढेच. (म्हणूनच ‘फक्त वाचा’ परवानगीची फाइलही उडते, लिहिण्याची परवानगी लागते ती डिरेक्टरीवर.) ब्लॉक सुटायला दोन गोष्टी शून्य व्हाव्या लागतात: नावे, आणि ती फाइल उघडी धरून बसलेले प्रोसेस (चालू प्रोग्रॅम).

सी भाषा येत असेल तर दहा-पंधरा ओळींत हे बघता येते. ओपन()ला ओ_क्रिएट आणि ओ_आरडीडब्ल्यूआर देऊन फाइल बनवा आणि लगेच अनलिंक() करा. मग राइट()ने १०० एमबी लिहा. राइट() मागितले त्यापेक्षा कमी बाइट लिहून परतू शकतो, तेव्हा परतीची किंमत तपासत लूपमध्येच लिहा. आता एफस्टॅट() केले की एसटी_एनलिंक (लिंक संख्या) ० दाखवील, तरी एलसीक()ने मागे जाऊन सगळा मजकूर वाचता येतो. शेवटी स्लीप(६०) ठेवा आणि दुसऱ्या टर्मिनलवर ‘डीएफ’ बघा. प्रोग्रॅम संपला की जागा परत. हा प्रयोग होम डिरेक्टरीत करा; काही मशीनवर /टीएमपी ही तात्पुरत्या फाइलींची डिरेक्टरी रॅममध्ये असते, तिथे डिस्कचा आकडा हलणार नाही.

कार्यालयातल्या सर्व्हरवर झाले ते हेच. लॉग लिहिणारा प्रोसेस चालूच होता. रीबूटने तो मेला, म्हणून जागा सुटली. उघड्या फाइलींची यादी देणारे ‘एलएसओएफ +एल१’ चालवले असते तर लिंक संख्या ० असलेल्या उघड्या फाइली प्रोसेस क्रमांकासकट दिसल्या असत्या, आणि तेवढाच एक प्रोसेस रीस्टार्ट करून भागले असते.

त्याहून बरे म्हणजे चालू लॉग उडवूच नये, ‘: > नाव’ करून रिकामा करावा. यातही एक खोच आहे. प्रोसेसने फाइल ओ_अपेंडने, म्हणजे नेहमी शेवटीच लिहायचे असे सांगून (शेलमध्ये ‘>>’ने) उघडली नसेल, तर त्याची लिहिण्याची जागा ४० जीबीवरच अडकलेली असते. पुढची ओळ तिथेच पडते आणि आधीचा भाग पोकळ राहतो, त्याला ब्लॉक दिलेलेच नसतात. मग ‘एलएस -एल’ ४० जीबी सांगते आणि ‘डीयू’ काही केबी. दोन्ही खरेच.

फाइलीतला मजकूर बदलणाऱ्या ‘सेड -आय’चा गोंधळही याच घराण्यातला. ते जागच्या जागी काही बदलत नाही, नवी फाइल लिहून तिला जुने नाव देते. आयनोड बदलतो, हार्ड लिंक (‘एलएन’ने दिलेली दुसरी नावे) तुटतात आणि नव्या ओळी येतील तशा दाखवणारे ‘टेल -एफ’ जुन्याच आयनोडकडे बघत गप्प बसते. तिथे मोठ्या लिपीतला एफ द्यावा. तो नावाच्या मागे जातो.