चौघांचा यूके, तिघांचा यूके: फरक गिटारचा नाही

यूके या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक (‘प्रोग’, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) बँडचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘होल्ड्सवर्थ गेला, गिटार गेली, बाकी बँड तोच’ हे पहिलं; होल्ड्सवर्थ म्हणजे त्यांचा गिटारवादक. ‘पहिला अल्बम खरा प्रोग, दुसरा म्हणजे एशियाची रंगीत तालीम’ हे दुसरं; एशिया म्हणजे यूकेच्या गायकाचा पुढचा बँड. दोन्ही चुकीची आहेत. दोन्ही अल्बम घरी असलेली माणसंही तीच म्हणत राहतात, याचा मला खरंच राग येतो.

पहिला यूके बहुतेकांना पाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. किंग क्रिमझन हा बँड १९७४ मध्ये थांबला. त्यातले जॉन वेटन (बास आणि गायन) आणि बिल ब्रुफर्ड (ड्रम्स) १९७७ मध्ये पुन्हा एकत्र आले. वेटननं रॉक्सी म्युझिक या बँडमध्ये आणि अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपाच्या बँडमध्ये वाजवलेल्या एडी जॉब्सनला आणलं, कीबोर्ड आणि इलेक्ट्रिक व्हायोलिनसाठी. ब्रुफर्डनं गिटारसाठी अ‍ॅलन होल्ड्सवर्थला आणलं. १९७८ मध्ये ‘यू.के.’ हा अल्बम आला, अमेरिकेचा दौरा झाला आणि त्याच वर्षी बँड फुटला: ब्रुफर्ड आणि होल्ड्सवर्थ बाहेर पडले. मग झॅपाकडूनच आलेला टेरी बोझिओ ड्रम्सवर बसला आणि गिटारची जागा रिकामीच ठेवली. १९७९ मध्ये ‘डेंजर मनी’ आला, त्याच वर्षी टोकियोत ध्वनिमुद्रित केलेला ‘नाइट आफ्टर नाइट’ही आला आणि १९८० मध्ये सगळं आटोपलं.

ड्रम्समधला फरक कुणालाही ऐकू येतो. ब्रुफर्ड जागा सोडतो, बोझिओ जागा भरतो. त्यावर पानं खर्च करायची गरज नाही.

घोटाळा होतो तो पुढच्या गोष्टीत. ‘डेंजर मनी’तली ‘द ओन्ली थिंग शी नीड्स’, ‘सीझर्स पॅलेस ब्लूज’ आणि ‘कॅरिंग नो क्रॉस’ ही गाणी नव्या तिघांनी बसवलेली नाहीत. १९७८ च्या दौऱ्यात होल्ड्सवर्थ आणि ब्रुफर्ड असतानाच ती मंचावर वाजत होती. म्हणजे सहापैकी तीन गाणी चौघांच्या काळातली, आणि त्यात बारा मिनिटांचं ‘कॅरिंग नो क्रॉस’ही आलं. माणसं बदलली म्हणून गाणी बाजारू झाली, हा सिद्धांत इथेच कोसळतो. ‘नथिंग टू लूज’ हे एक गाणं सोपं आणि रेडिओसाठीच केलेलं आहे, हे मान्य. मला ते आवडतही नाही. पण एका गाण्यावरून अख्ख्या अल्बमला नाव ठेवणं हा आळस आहे.

मग बदललं काय? सोलो (एकट्याचं वादन) कुणाच्या मालकीचा, हे बदललं. पहिल्या यूकेमध्ये याच प्रश्नावर भांडण होतं. जॉब्सन आणि वेटन यांना रचना पक्की हवी होती; रेकॉर्डवर जो सोलो आहे तोच मंचावर वाजावा, अशी अपेक्षा होती. होल्ड्सवर्थला एकच सोलो रोज वाजवणं मंजूर नव्हतं. आपल्याकडे बंदिश तीच ठेवून गायक रोज नवा विस्तार करतो, तसं त्याचं वाजवणं होतं. ‘इन द डेड ऑफ नाइट’मधला त्याचा सोलो ऐका. खाली सातचा ठेका काटेकोर चाललेला आहे आणि वर हा माणूस त्या ठेक्याच्या कुठल्याच कोपऱ्याला न अडखळता एका श्वासात वाहत जातो. आता त्याच दौऱ्याचं बॉस्टनचं ध्वनिमुद्रण लावा. गाणं तेच, सोलो वेगळा. पहिल्या बँडची सगळी मजा आणि सगळी अडचण त्या एका जागेत सापडते.

तिघांच्या यूकेमध्ये ही जागा उघडी राहिलेली नाही. जॉब्सननं ती रचनेत बांधून टाकली. कीबोर्ड असो की व्हायोलिन, त्याचे सोलो गाण्याच्या गरजेपुरते येतात आणि नेमक्या ठिकाणी संपतात. श्रेयनामावलीही तेच सांगते: पहिल्या अल्बममध्ये ‘नेव्हरमोर’वर होल्ड्सवर्थचं नाव आहे, ‘मेंटल मेडिकेशन’वर त्याचं आणि ब्रुफर्डचंही आहे. दुसऱ्या अल्बमवर मात्र सगळीकडे फक्त जॉब्सन आणि वेटन. म्हणून मी म्हणतो, गिटार असती तरी हा बँड असाच वाजला असता. पक्के सोलो वाजवायला तयार असलेला एखादा गिटारवादक घेतला असता, तर ‘डेंजर मनी’ फारसा वेगळा झाला नसता. ‘रॉन्देव्हू ६:०२’ ऐकताना मला गिटारची आठवणही येत नाही. वेटननं इतकं संयमी दुसरीकडे क्वचितच गायलंय.

एशियाचं तर नावच काढू नये. वेटनचा आवाज सोडला तर सामाईक काहीच नाही. १९८१ मध्ये स्टीव्ह हाऊ, कार्ल पामर आणि जेफ डाउन्स यांच्याबरोबर तो नवा बँड उभा राहिला, आणि १९८२ च्या पहिल्या अल्बममधली बरीचशी गाणी वेटन आणि डाउन्स यांनी मिळून लिहिली. ‘हीट ऑफ द मोमेंट’ चार मिनिटांतच संपतं. जॉब्सन तोवर जेथ्रो टल या बँडबरोबर ‘ए’ हा अल्बम आणि त्याचा दौरा करून मोकळाही झाला होता.

चौघांच्या यूकेचा पुढचा भाग कुणाला हवा असेल, तर तो वेटनच्या आवाजामागे जाऊन मिळणार नाही. तो ब्रुफर्डच्या १९७९ च्या ‘वन ऑफ अ काइंड’ या अल्बममध्ये आहे. त्यातली ‘फॉरेव्हर अनटिल संडे’ आणि ‘द सहारा ऑफ स्नो’ ही यूकेच्याच दौऱ्यात वाजलेली. पहिलीत जॉब्सनचं व्हायोलिन आहे, आणि दोन्हींत होल्ड्सवर्थ मनासारखा मोकळा वाजवतोय.