सवय बॉडीला नाही लागत हो, जीन्स फिरतात

पावसाळा लागला की आमच्या नागपुरात घरोघरी सर्दी-ताप आणि मेडिकलवाल्याकडून परस्पर अझिथ्रोची (अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक) पट्टी आणणं सुरू. गोळी लागू पडली नाही की ठरलेला डायलॉग, "माझ्या बॉडीला आता या औषधाची सवय झाली." (बरेचदा तो ताप व्हायरलच असतो, त्याच्यावर अँटिबायोटिक काय करणार, पण ते जाऊ द्या.) बॉडीला काही सवय-बिवय होत नाही, बदलतो तो बॅक्टेरिया. आणि तोही काहून नेहमी म्युटेशनची (स्वतःच्या डीएनएत आपोआप होणाऱ्या बदलाची) वाट पाहत बसेल, शेजाऱ्याकडे तयार जीन असताना?

जीन मिळवायचे रस्ते तीन. मेलेल्या बॅक्टेरियाचा सांडलेला डीएनए आत ओढायचा (1928 सालचा ग्रिफिथचा उंदरांवरचा प्रयोग तो हाच), बॅक्टेरियाला लागणाऱ्या व्हायरसने चुकून इकडचा तुकडा तिकडे न्यायचा, नाहीतर सरळ दोन पेशी चिकटून प्लाझमिड नावाचं डीएनएचं छोटं कडं एकीने दुसरीला द्यायचं. जपानमध्ये 1950 च्या दशकात हगवणीचा शिगेला एकदम चार-चार औषधांना दाद देईना, चार म्युटेशन एकाच वेळी कुठून होणार? 1959 मध्ये कळलं की औषधांना तोंड देणाऱ्या जीन्सचा हा सगळा सेट एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात जातोय.

पण हा सेट जमवला कोणी? इथे येतो माझा लाडका इंटेग्रॉन, म्हणजे बाहेरचे जीन्स गोळा करणारा डीएनएचा एक भाग, 1989 मध्ये ऑस्ट्रेलियात स्टोक्स आणि हॉल यांनी याचं वर्णन केलं. यात इंटिग्रेझ नावाचं एन्झाइम, एक जोडणीची जागा आणि त्याच्याजवळ एक प्रमोटर, म्हणजे जीन चालू करणारा भाग. बाहेरून जीनची कॅसेट (एक जीन आणि त्याला जोडणीचं टोक, असा सुटा तुकडा) आली की इंटिग्रेझ ती या जागेवर जोडतं, पुढची आली की तीही तिथेच, त्यामुळे आधीची मागे सरकते. बहुतेक कॅसेटींना स्वतःचा प्रमोटर नसतोच, मग नळाच्या लाइनीसारखं होतं, पहिल्या घराला फुल प्रेशर आणि शेवटच्याला थेंब थेंब. मागची कॅसेट जवळपास गप्प बसते, पण असते.

आता खरी मजा. एरवी इंटिग्रेझच्या जीनवर लेक्सए नावाचं प्रोटीन बसून ते दाबून ठेवतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध डीएनए तोडायला लागलं की पेशीत एसओएस रिस्पॉन्स, म्हणजे डीएनए तुटल्यावरची धोक्याची घंटी, सुरू होतो, रेकए नावाचं प्रोटीन तुटक्या डीएनएच्या एकेरी धाग्याला चिकटतं, त्याच्या नादाने लेक्सए स्वतःलाच कापून घेतं आणि इंटिग्रेझ मोकळं सुटतं, मग कॅसेटी कापणं-जोडणं जोरात, मागची पुढे येऊ शकते. म्हणजे अँटिबायोटिकच फेरबदलाचं बटण दाबतं! आणि कॅसेटीच्या टोकाचा डीएनए एकेरी असताना स्वतःवरच दुमडून हेअरपिनसारखा होतो, इंटिग्रेझ त्याची अक्षरं कमी आणि तो दुमडलेला आकार जास्त ओळखतं. प्लाझमिड दुसऱ्या पेशीत जाताना धागा एकेरीच असतो, म्हणजे आकारही तयार आणि एसओएसची घंटीही वाजलेली.

(हल्ली 'डीएनए अ‍ॅक्टिव्हेशन'चे शिबिरं निघालेत, ध्यान करून म्हणे जीन्स जागे होतात. ध्यान करा ना बाप्पा, चांगलंच आहे, फक्त त्याला डीएनए जोडू नका.)

इंटेग्रॉनला स्वतःला मात्र फिरता येत नाही. तो ट्रान्सपोझॉनवर, म्हणजे डीएनएत एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणाऱ्या तुकड्यावर बसतो आणि ट्रान्सपोझॉन प्लाझमिडवर. दवाखान्यांत जास्त सापडणाऱ्या क्लास 1 इंटेग्रॉनसोबत सहसा सल्फा औषधाला आणि क्वाटर्नरी अमोनियमवाल्या जंतुनाशकांना (फरशी पुसायच्या बऱ्याच लिक्विडमध्ये असतात ती) तोंड देणारे जीन्सही असतात. त्यामुळे जगभर नद्यांमध्ये माणसाचं प्रदूषण किती, हे मोजायला याच इंटिग्रेझचा जीन वापरतात. आपल्या नाग नदीत आधीच शहराचं सांडपाणी, त्यात आपल्या आतड्यातले बॅक्टेरिया, थोडं औषध आणि वरून फरशी पुसायचं लिक्विड, म्हणजे ज्या बॅक्टेरियाला तुमची अझिथ्रो कधी शिवलीही नाही तोसुद्धा नुसत्या लिक्विडच्या जोरावर हा पूर्ण सेट सांभाळून ठेवू शकतो.