९३ टक्के कोण? कर भरणाऱ्या चारचौघांची पार्श्वभूमी

कर बुडवू पाहणारा माणूस पकडले जाण्याची शक्यता आणि दंड यांचा हिशेब मांडतो आणि त्यावर ठरवतो, असे प्रतिमान दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडले. अडचण अशी की बहुतेक ठिकाणी तपासणी तुरळक आणि दंड बेताचा असतो. या हिशेबाने जितकी चोरी व्हायला हवी, तितकी होताना दिसत नव्हती. मग या तफावतीसाठी ‘करनैतिकता’, म्हणजे धाकाविना आतूनच कर भरण्याची तयारी, हा शब्द वापरात आला. शब्द जुना, १९५०-६० च्या दशकांतल्या जर्मन संशोधकांचा. पण बराच काळ त्याची अडगळीची खोलीच झाली होती. कशाचा उलगडा झाला नाही की टाका आत. शेजारीपाजारी काय करतात याचा परिणामही त्याच खोलीत पडून होता.

तो बाहेर काढून मोजण्याचा गाजलेला प्रयत्न अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९९५ मध्ये झाला. सुमारे २०,००० करदात्यांना विवरणपत्र भरण्याआधी एक पत्र गेले. इतर लोक सर्रास कर चुकवतात असे अनेकांना वाटते, पण ते खरे नाही; विवरणपत्र भरणारे लोक देय प्राप्तिकरापैकी ९३ टक्के कर स्वतःहून भरतात, असा त्याचा मजकूर.

हे वाक्य सावकाश वाचावे. ९३ टक्के ही रक्कम आहे, माणसे नव्हेत. प्रत्येकाने थोडेथोडे दडवले तरी हाच आकडा येईल, आणि विवरणपत्रच न भरणारे तर त्यात धरलेलेच नाहीत. शिवाय ‘अनेकांना वाटते’ म्हणताना पत्राने नकळत कुजबुजीला दुजोराच दिला. राज्याच्या १९९६ च्या अहवालाने या पत्राचा थोडासा पण चांगला परिणाम नोंदवला. २००१ मध्ये तिघा संशोधकांनी याच प्रयोगाचे आकडे तपासले, तर भरवसा ठेवावा असा परिणाम त्यांना सापडला नाही. तरीही लोकप्रिय पुस्तकांतून पुढे पोहोचली ती पहिली गोष्ट, तीही रूप पालटून: नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पूर्ण कर भरतात, असे सांगितले आणि लोक सुधारले. रकमेची माणसे झाली ती इथे.

घोळाचे मूळ ‘सामाजिक संकेत’ या शब्दात आहे. चारचौघे काय करतात हा एक संकेत, चारचौघांत काय शोभते हा दुसरा. कर चुकवणे वाईट असे म्हणणारा माणूसही ‘सगळेच चुकवतात’ असे मानून चालू शकतो. पत्राने पहिल्या संकेतावर बोट ठेवले आणि अपेक्षा धरली दुसऱ्याची.

ब्रिटनमध्ये २०११ मध्ये हेच सूत्र थकबाकीदारांवर वापरले गेले. दहापैकी नऊ जण कर वेळेवर भरतात आणि तुम्ही न भरणाऱ्या मोजक्यांपैकी आहात, हे वाक्य सर्वांत प्रभावी ठरले. २३ दिवसांत पैसे भरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे पाच टक्के अंकांनी वाढले. यश खरेच. पण या लोकांनी उत्पन्न आधीच जाहीर केले होते, प्रश्न उरला होता पैसे कधी भरणार एवढाच. मिनेसोटात प्रश्न होता तो उत्पन्न जाहीर करण्याचा. दोन्ही प्रयोग एकाच दाव्याचा पुरावा म्हणून शेजारी ठेवले जातात, ते मला पटत नाही.

पत्राऐवजी खऱ्या शेजाऱ्यालाच पाहू दिले तर? इटलीत २००८ मध्ये सर्वांचे जाहीर उत्पन्न इंटरनेटवर टाकले गेले आणि गोपनीयतेच्या मुद्द्यावर तडकाफडकी काढून घ्यावे लागले. नॉर्वेत करयाद्या, म्हणजे कोणाचे उत्पन्न आणि कर किती याच्या याद्या, पूर्वीपासून सार्वजनिक होत्या. २००१ मध्ये त्या इंटरनेटवर आल्या. ज्या भागांत त्या आधी सहज मिळत नव्हत्या, तिथल्या व्यावसायिकांचे जाहीर उत्पन्न त्यानंतर सुमारे तीन टक्क्यांनी वाढल्याचे एका अभ्यासात दिसले. २०१४ पासून मात्र आपली माहिती कोणी पाहिली हे ज्याची त्याला कळू लागले, आणि डोकावणाऱ्यांची संख्या धाडकन खाली आली.